रेशनच्या साखरेने दिलेला धडा

५ फेब्रुवारी १९५३ रोजी ब्रिटनमध्ये गोळ्या आणि चॉकलेटवरचे रेशनिंग उठले. शाळा सुटल्यावर मुले गल्ल्यातली नाणी घेऊन दुकानांकडे धावली आणि रांगांमध्ये त्यांच्याबरोबर मोठी माणसेही उभी राहिली. चार वर्षांपूर्वी, १९४९ मध्ये, सरकारने हा प्रयोग एकदा करून पाहिला होता; पण मागणी इतकी वाढली की साठा पुरेना आणि काही महिन्यांतच रेशनिंग परत आणावे लागले. या वेळी ते कायमचे गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साखरही खुली झाली. रोजचे दरडोई साखर खाणे पाहता पाहता सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर गेले.

त्या सुमारास ब्रिटनमध्ये जी बाळे पोटात होती किंवा पाळण्यात होती, त्यांची पुढे पन्नास-साठ वर्षांनी वैद्यकीय तपासणी झाली. साखर मोजून मिळत असताना वाढलेली बाळे आणि साखर खुली झाल्यावर वाढलेली बाळे यांच्या प्रकृतीत फरक दिसला. हा फरक समजून घ्यायचा, तर ब्रिटिश माणसाच्या ताटात आणि कपात तीनशे वर्षांत काय काय बदलले, हे आधी पाहावे लागते.

न्याहारीला बिअर

ब्रिटिश म्हटले की चहा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. प्रत्यक्षात चहा तिथला जुना पाहुणा नाही. सतराव्या शतकापर्यंत सामान्य इंग्रज कुटुंबाचे रोजचे पेय म्हणजे घरी गाळलेली, कमी मद्यार्काची बिअर. ती न्याहारीलाही चाले आणि मुलांनाही दिली जाई. ती करताना पाणी उकळले जाई आणि धान्यातले उष्मांकही पोटात जात. शेतमजुराला ती एक प्रकारची पेजच होती.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला. बिअरच्या मानाने ही दारू कितीतरी कडक. गरीब वस्त्या तिच्या आहारी गेल्या, मुलांची आबाळ झाली. विल्यम होगार्थने १७५१ मध्ये काढलेले ‘जिन लेन’ हे चित्र त्याच काळाचे. त्याच वर्षी संसदेने जिनविक्रीवर कडक बंधने घातली. माणसे काय पितात यात सरकारने लक्ष घालावे की नाही, हा वाद ब्रिटनमध्ये तेव्हापासून चालू आहे.

चहा आला तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाशी लग्न करून इंग्लंडला गेली. याच विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. या राणीला चहाची सवय होती आणि तिच्यामुळे तो दरबारी शिष्टाचारात रुळला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुढची सव्वाशे वर्षे चहावर जबर कर होता, त्यामुळे तस्करी आणि भेसळ दोन्ही बोकाळल्या. १७८४ मध्ये हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला आणि चहा मजुरांच्या घरी पोहोचला. १८२०च्या दशकात विल्यम कॉबेट हा लेखक तक्रार करत होता, की मजुरांनी घरची बिअर सोडून चहाचे निःसत्त्व पाणी धरले आहे. पोषणाच्या हिशेबाने त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. नुसत्या चहात उष्मांक नसतात. ते भरून काढले साखरेने.

चार पौंडांवरून नव्वद पौंडांवर

इ. स. १७००च्या सुमारास इंग्लंडमध्ये माणशी वर्षाला सुमारे चार पौंड, म्हणजे दोन किलोहूनही कमी साखर खपत असे. १८०० पर्यंत हा आकडा १८ पौंडांवर गेला आणि १९००च्या सुमारास ९० पौंडांवर, म्हणजे ४० किलोंवर. रोजच्या हिशेबात शंभर ग्रॅमहून जास्त. दोनशे वर्षांत वीस-बावीस पट वाढ!

या साखरेचा पहिला मोठा पुरवठा कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून होई आणि तिथे आफ्रिकेतून धरून नेलेले गुलाम राबत. १७९१ नंतर हजारो ब्रिटिश कुटुंबांनी गुलामांच्या कष्टाची साखर घरात आणायची नाही, असा बहिष्कार घातला होता. पण साखर स्वस्त होत गेली तसा खप वाढतच राहिला. १८७४ मध्ये साखरेवरचे आयातशुल्क पूर्ण रद्द झाले आणि स्वस्त जॅमचे कारखाने निघाले.

गिरणी-कारखान्यांच्या शहरांत एक नवीन जेवण रूढ झाले: पाव, त्यावर जॅम आणि गोड चहा. यामागे चैन नव्हती, अडचण होती. आई-वडील दोघेही कामावर, चूल पेटवायला कोळसा महाग, शिजवायला वेळ नाही. शिळ्या पावाबरोबर गरम गोड चहा घेतला, की जेवल्यासारखे वाटे. मांसाचा तुकडा असलाच तर तो कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई. बायको आणि मुले पाव-चहावर भागवत. पोट भरत होते; पण प्रथिने, कॅल्शियम, लोह आणि जीवनसत्त्वे यांचा दुष्काळ होता. त्यात धुराने झाकलेल्या शहरांत ऊन नाही. त्यामुळे मुडदूस इतका सर्रास झाला, की पाय वाकलेली मुले हे औद्योगिक ब्रिटनचे नेहमीचे दृश्य बनले.

याच काळात मद्यपानविरोधी चळवळही जोरात होती. कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री ही चॉकलेटची तिन्ही प्रसिद्ध घराणी क्वेकर पंथाची. दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा, हा त्यांच्या धंद्यामागचा एक विचार होता. याच राउनट्री घराण्यातल्या सीबोहम राउनट्री यांनी यॉर्क शहरातल्या गरिबांच्या घरी काय शिजते याची पाहणी केली आणि १९०१ मध्ये ती प्रसिद्ध केली. अनेक कुटुंबांची पूर्ण मजुरी खर्ची पडली, तरी अंगात ताकद राहील इतके अन्न येत नाही, असे त्यात दिसले.

बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांमधले कित्येक जण खुरटलेले, किडक्या दातांचे आणि अशक्त निघाले, तेव्हा साम्राज्याचे डोळे उघडले. १९०४ मध्ये सरकारी समितीने अहवाल दिला आणि १९०६ मध्ये गरीब शाळकरी मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली.

युद्धातले ताट

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटन आपल्या अन्नापैकी निम्म्याहून बरेच अधिक बाहेरून आणत होता. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, तर देशाने जगायचे कशावर?

केंब्रिजमध्ये रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन या दोन शास्त्रज्ञांनी याचे उत्तर स्वतःच्या शरीरावर शोधले. आपल्या काही सहकाऱ्यांसह ते तीन महिने अगदी मोजक्या आहारावर राहिले. मांस, दूध, लोणी, साखर नावापुरते. पाव, बटाटे आणि कोबी हवा तेवढा. त्यानंतर भर हिवाळ्यात लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत त्यांनी लांब लांब सायकल चालवली, चढण चढली. सगळे ठणठणीत राहिले. एकच शंका उरली. कोंड्यासकटच्या पिठात फायटेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियमचे शोषण अडवतो. म्हणून पावाच्या पिठात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळायचे ठरले. ब्रिटनमधल्या पांढऱ्या पिठात आजही कॅल्शियम घालतात, त्याचे मूळ इथे आहे.

८ जानेवारी १९४० पासून लोणी, बेकन आणि साखर यांचे रेशनिंग सुरू झाले. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन आणि त्यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांनी ते आखताना पोषणाचा हिशेब ठेवला. माणशी आठवड्याला साधारण २२५ ग्रॅम साखर, ५५ ग्रॅम चहा, ५५ ग्रॅम लोणी, एखादे अंडे. प्रमाण अधूनमधून बदले. पाव, बटाटे आणि भाज्या युद्धकाळात खुल्या होत्या. मात्र पाव मिळे तो करड्या रंगाचा, कोंडा राखलेल्या पिठाचा. लोक त्याच्या नावाने बोटे मोडत, पण खात. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना दूध, संत्र्याचा रस आणि कॉड लिव्हर ऑइल प्राधान्याने मिळे. मार्गारिनमध्ये अ आणि ड जीवनसत्त्व मिसळणे बंधनकारक झाले. बागा आणि मैदाने खणून लोकांनी भाज्या लावल्या. टॉवर ऑफ लंडनचा खंदकही त्यातून सुटला नाही.

युद्धाआधी, १९३६ मध्ये, जॉन बॉइड ऑर यांनी दाखवून दिले होते, की निम्म्या ब्रिटिश जनतेला उत्तम प्रकृतीसाठी लागणारा आहार परवडत नाही. रेशनिंगने ही दरी कमी केली. श्रीमंतांच्या ताटातले थोडे उतरले, गरिबांच्या ताटात थोडे वाढले. युद्धाची दगदग, बॉम्बफेक आणि कंटाळवाणे जेवण असूनही बालमृत्यूंचे प्रमाण युद्धाअखेर युद्धापूर्वीपेक्षा खाली आले आणि लहान मुलांचे दात पूर्वीपेक्षा चांगले निघाले. याचे सगळे श्रेय आहाराला देता येणार नाही. हाताला काम मिळाले होते, लसीकरण वाढले होते. पण उपाशी राहावे लागेल अशी भीती असलेला देश जास्त निरोगी होऊन बाहेर पडला, याची नोंद पोषणशास्त्राने कायमची घेतली.

साठ हजार माणसांचा पुरावा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. लहानपणी साखर कमी मिळाली, तर पुढे मधुमेह कमी होतो का? हे प्रयोग करून ठरवणे अशक्य. निम्म्या बाळांना साखर द्या, निम्म्यांना देऊ नका आणि साठ वर्षे थांबा, असे कोणी करू शकत नाही. १९५३ मध्ये मात्र इतिहासाने हा प्रयोग आपोआप करून ठेवला होता. थोड्याच महिन्यांच्या अंतराने जन्मलेली बाळे. एकाच देशातली, एकाच आरोग्यसेवेतली. फरक मुख्यतः एवढाच, की काहींचे पहिले हजार दिवस रेशनच्या साखरेत गेले आणि काहींचे खुल्या साखरेत. पहिले हजार दिवस म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ.

‘यूके बायोबँक’ या प्रचंड आरोग्यसंग्रहातून १९५१ ते १९५६ या काळात जन्मलेल्या सुमारे ६०,००० जणांची माहिती घेऊन संशोधकांनी तुलना केली. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. गर्भात आणि बालपणी रेशनिंग अनुभवलेल्यांना टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना हे आजार झाले, त्यांनाही ते उशिरा झाले: मधुमेह सरासरी चार वर्षांनी, रक्तदाब दोन वर्षांनी. एकूण फायद्याचा साधारण एक-तृतीयांश भाग केवळ आईच्या पोटातल्या काळाचा होता. बाळ वरचे अन्न खाऊ लागल्यानंतरही साखर मर्यादित राहिली असेल, तर फायदा आणखी वाढलेला दिसला.

अशा अभ्यासाला मर्यादा असतात. कोणत्या आईने किती साखर खाल्ली, हे कुणी मोजलेले नाही. बायोबँकेत स्वतःहून येणारी माणसे सरासरीपेक्षा थोडी निरोगी असतात. तरीही हा निष्कर्ष एकटा नाही. साउथहॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकात हर्टफर्डशर परगण्यातल्या जुन्या जन्मनोंदी शोधून काढल्या होत्या. जन्मतः आणि पहिल्या वाढदिवसाला ज्यांचे वजन सर्वात कमी होते, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वाधिक आढळले. मोठेपणीच्या आजारांची मुळे गर्भात असू शकतात, हा विचार इथून रुजला.

या विचाराचा एक धागा थेट पुण्यात येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथहॅम्प्टनच्या संशोधकांसह १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे किडकिडीत होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त! मधुमेहाकडे झुकणारी शरीराची ठेवण जन्मापासूनच दिसते, ती अशी.

म्हणूनच ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत, आणि त्यात मराठी कुटुंबेही आली, मधुमेह गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त आढळतो आणि लवकरच्या वयात गाठतो. तिथल्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत इतरांसाठी बॉडी मास इंडेक्सची धोक्याची पातळी २५ आणि ३० असली, तरी दक्षिण आशियाई व्यक्तींसाठी ती २३ आणि २७.५ अशी खाली आणलेली आहे.

आजचे ताट आणि कर

रेशनिंग संपूर्ण उठले ते ४ जुलै १९५४ रोजी, मांस खुले झाल्यावर. पुढच्या पिढ्यांनी चौदा वर्षांची उणीव भरून काढली. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातले प्राध्यापक जॉन युडकिन यांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहून साखरेविरुद्ध इशारा दिला. पण त्या काळात सगळे लक्ष चरबीवर होते आणि त्यांची बरीच उपेक्षा झाली. आज ब्रिटिश माणसाच्या आहारातले निम्म्याहून अधिक उष्मांक अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांतून येतात: पाकीटबंद पाव, बिस्किटे, तयार जेवण, गोड पेये. पूर्वी साखर चहाच्या भांड्याशेजारी दिसत तरी होती; आता ती सॉस आणि सकाळच्या सीरियलमध्ये लपलेली असते. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून रोजच्या उष्मांकांपैकी ५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, म्हणजे मोठ्या माणसाने रोज ३० ग्रॅमच्या आत राहावे, असा तिथला २०१५ पासूनचा सल्ला आहे. प्रत्यक्ष खाणे त्याच्या दुपटीजवळ आहे. ही ३० ग्रॅमची मर्यादा युद्धातल्या साखरेच्या रेशनच्या जवळपास येते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांची मुले रुग्णालयात दाखल होतात, त्याचे सर्वात मोठे कारण किडलेले दात हे आहे.

यावर ब्रिटनने दोन उपाय जवळजवळ एकाच वेळी केले. बिस्किटे, केक, आइस्क्रीम यांच्या उत्पादकांना २०२० पर्यंत २० टक्के साखर कमी करण्याचे ऐच्छिक लक्ष्य दिले. गोड पेयांवर मात्र एप्रिल २०१८ पासून कर लावला. तोही साखरेच्या प्रमाणानुसार. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ८ ग्रॅमपासून सर्वाधिक. ऐच्छिक मार्गाने साखर जेमतेम साडेतीन टक्के घटली. कराच्या कक्षेतल्या पेयांमधली सरासरी साखर २०१५ ते २०२० दरम्यान निम्म्याच्या जवळपास घटली, कारण कर टाळण्यासाठी कंपन्यांनीच पाककृती बदलल्या. कर आल्यानंतर दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्के कमी आढळला. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. एका कराने सगळे साधत नाही, पण नुसत्या आवाहनापेक्षा तो कितीतरी अधिक साधतो.

घरापुरते काय?

१९५० मधली ब्रिटिश आई आजच्या आईपेक्षा अधिक निग्रही नव्हती. दुकानात साखरच मोजकी मिळत होती. आज तो पहारा कुटुंबालाच ठेवावा लागतो. गरोदर स्त्रीने गोडधोड पूर्ण सोडावे असे नाही. पण शीतपेये, पाकिटातले रस आणि रोजची बिस्किटे टाळावीत. गरोदरपणात मधुमेहाची तपासणी वेळेवर करून घ्यावी. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. त्यानंतरच्या खिमटीत, नाचणीच्या सत्त्वात, दुधात दोन वर्षांपर्यंत साखर घालू नये. गूळ हाही साखरच आहे. मध तर एक वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये, कारण त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाने न गोड केलेले अन्न पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढले, तर ते त्याला आवडत नाही असे समजू नये. चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा तरी द्यावे लागते.

आजी-आजोबांना हे पटवणे कठीण जाते, हे खरे. बाळाच्या जिभेवर गोड ठेवणे हा त्यांच्या मायेचाच भाग असतो. त्यांना एवढेच सांगावे, की साखर मोजून मिळत असताना वाढलेल्या हजारो बाळांना मधुमेह झाला, तोही चार वर्षे उशिरा झाला. केळे कुस्करून दिले, तरी माया तेवढीच पोहोचते.